डीबी स्पेक्ट्रम प्लसचा कीबोर्ड-पडदा इथेच बनवायचा तर? (शिवाय इतर सुटे भाग)

तापीकाठ (भुसावळ)

डेसिबेल्स कंपनीने १९८६ मध्ये परवान्यावर भारतात आणलेला डीबी स्पेक्ट्रम प्लस हा घरगुती संगणक खान्देशात अजून माळ्यांवर सापडतो. बोर्ड पुष्कळदा जिवंत निघतो, मेलेला असतो तो कीबोर्डचा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन. तयार पडदा परदेशातून मागवता येतो, पण टपालखर्च आणि कस्टम धरून तो परवडत नाही. म्हणून धागा काढतोय. पडदा इथे बनवायला काय साहित्य, काय मापं, कुठे गडबड होते ते लिहा. पडद्याखेरीज दुसरा भाग बनवला असेल तर तोही चालेल. आठवणींसाठी दुसरे धागे आहेत, इथे मापं हवीत.

सुरुवात मीच करतो. रबरी कळांच्या ४८के मशीनमध्ये (प्लसच्या आधीच्या स्पेक्ट्रममध्ये) ४० कळा, दोन छापील थर आणि मध्ये भोकांचा अंतरपट्टा एवढंच असतं. बोर्डाकडे दोन शेपट्या जातात, एक ५ तारांची, एक ८ तारांची, दोन तारांत अंतर २.५४ मिमी. पीईटीचा (पॉलिस्टर प्लास्टिकचा) कागद वयाने कडक होतो आणि शेपटी जिथे वळते तिथे चांदीच्या शाईची रेघ तडकते. शेपटी टोकाकडून चारपाच मिमी कापून पुन्हा खोचली की काही काळ चालतं, पण पुढे शेपटीच आखूड पडते. ते औषध नव्हे.

झेड८० (धुळे)

आधी नकाशा हातात घ्या, मग साहित्याचं बोलू. ८ तारा पत्त्याच्या (ए८ ते ए१५), ५ तारा डेटाच्या (डी० ते डी४). प्रत्येक ओळीत डी० पासून डी४ पर्यंत क्रम असा:

ए८: कॅप्स शिफ्ट, झेड, एक्स, सी, व्ही
ए९: ए, एस, डी, एफ, जी
ए१०: क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी
ए११: १, २, ३, ४, ५
ए१२: ०, ९, ८, ७, ६
ए१३: पी, ओ, आय, यू, वाय
ए१४: एंटर, एल, के, जे, एच
ए१५: स्पेस, सिम्बॉल शिफ्ट, एम, एन, बी

पत्त्याच्या आठही तारांवर मुख्य बोर्डात एकेक डायोड आहे, डी१ ते डी८. (डायोडची ही नावं आणि डेटातारांची नावं सारखी दिसतात, गोंधळू नका.) डेटातारा पुल-अप रेझिस्टरने ५ व्होल्टला बांधलेल्या असतात.

प्लसची खरी डोकेदुखी वेगळी आहे. त्यात ५८ कळा आहेत, म्हणजे १८ जास्त. दोन तर नुसत्या जोडीच्या, दुसरी कॅप्स शिफ्ट आणि दुसरी सिम्बॉल शिफ्ट. उरलेल्या १६ कळा एका दाबात दोन कळांचं काम करतात. डिलीट म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि ०, डावा बाण म्हणजे कॅप्स शिफ्ट आणि ५, स्वल्पविराम म्हणजे सिम्बॉल शिफ्ट आणि एन. ४८के चा आराखडा ताणून प्लसला बसवायला गेलात तर इथेच अडाल.

रेडियमवाला (जळगाव)

मग त्या सोळा कळांना प्रत्येकी दोन स्वतंत्र संपर्क द्यायचे ना? पडद्यात जागा कुठाय?

झेड८० (धुळे)

सगळ्यांना नाही. वरचा नकाशा पुन्हा बघा.

डिलीट (शिफ्ट आणि ०), एडिट (शिफ्ट आणि १), ब्रेक (शिफ्ट आणि स्पेस) या तिन्हींत दोन्ही कळा डी० वरच आहेत. अर्धविरामात सिम्बॉल शिफ्ट आणि ओ दोन्ही डी१ वर. स्वल्पविराम आणि पूर्णविरामात दोन्ही कळा ए१५ या एकाच ओळीत. म्हणजे या सहा कळांना तीन तारा एकत्र टेकवणारा एकच ठिपका पुरतो. डिलीटला खालच्या थरावर ठिपका मधून चिरा: एक अर्ध ए८, दुसरं ए१२, आणि वरच्या थरावर अखंड डी०. ए८ आणि ए१२ एकमेकांना टेकले तरी बिघडत नाही, कारण बोर्डावरचे डायोड मागचा प्रवाह अडवतात.

उरलेल्या दहा (चार बाण, कॅप्स लॉक, ट्रू व्हिडिओ, इन्व्हर्स व्हिडिओ, ग्राफ, एक्स्टेंड आणि दुहेरी अवतरण) यांना मात्र दोन वेगळे संपर्क हवेतच. डाव्या बाणाला चारही तारा एकत्र टेकवल्या तर ए८-डी० आणि ए११-डी४ यांच्याबरोबर ए८-डी४ म्हणजे व्ही आणि ए११-डी० म्हणजे १ हेही दाबल्यासारखे दिसतात. म्हणून दोन्ही थरांवर ठिपका चिरायचा. डावीकडे ए८ समोर डी०, उजवीकडे ए११ समोर डी४, मध्ये ०.६ ते ०.८ मिमीची फट. शिफ्टचं अर्ध प्लंजरच्या (कळेखालच्या दाबदांडीच्या) मध्याकडे सरकवून मोठं काढा. ५ आधी टेकला आणि शिफ्ट मागून आला, तर बाण हलण्याऐवजी टीव्हीवर ५ उमटतो.

चांदीच्या शाईने एका बाजूला छापताना रेघा एकमेकींना ओलांडू शकत नाहीत, म्हणून छापील पद्धतीत जादा थर घालावे लागतात. दोन बाजूंच्या फ्लेक्स पीसीबीत (लवचिक छापील सर्किटात) ओलांडणी व्हायाने, म्हणजे दोन्ही बाजू जोडणाऱ्या भोकाने होते. माझं मत स्पष्ट आहे: ४८के साठी छपाईचा विचार करा, प्लससाठी सरळ फ्लेक्स.

केळीचं_पान (रावेर)

काय भो, फ्लेक्स कशाला? लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे स्क्रीन आहे, कार्बनची वाहक शाई चांदीपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते. दोन ओएचपी शीट, एक स्क्वीजी, झालं काम.

झेड८० (धुळे)

कार्बनने रेघा ओढू नका. हिशेब करून दाखवतो. रेघ १ मिमी रुंद आणि २०० मिमी लांब, म्हणजे २०० चौरस एकापुढे एक. कार्बन शाईचा रोध नेहमीच्या जाडीला चौरसामागे साधारण ३० ओहम धरा, म्हणजे ६,००० ओहम. पुल-अप १०,००० ओहमचा. कळ दाबल्यावर डेटातारेवर ५ × ६ ÷ १६, जवळजवळ १.९ व्होल्ट राहतो, त्यात डायोडचा अर्धा-पाऊण व्होल्ट मिळवा. यूएलएला, म्हणजे कळा वाचणाऱ्या चिपला, ते शून्य वाटतच नाही. जवळच्या कळा चालतात, लांबच्या चालत नाहीत, आणि माणूस महिनाभर संपर्कच पुसत बसतो.

चांदीच्या शाईचा रोध छपाईच्या जाडीला चौरसामागे काही शतांश ओहम, म्हणजे तीच रेघ दहा ओहमच्या आत. कार्बनचं काम शेपटीच्या टोकावर आणि ठिपक्यांवर, चांदीवरून दुसरा हात म्हणून. तिथे तो झीज आणि काळवंडणं थांबवतो, आणि चौरस एखाददुसराच असल्यामुळे रोध नगण्य.

तापीकाठ (भुसावळ)

छपाईच करणाऱ्यांसाठी. सेंटीमीटरला ७७ ते १०० धाग्यांची पॉलिस्टर जाळी घ्या. त्याहून बारीक जाळीतून चांदीचे कण नीट उतरत नाहीत. शाई वाळवायला साधारण १२०-१३० अंश लागतात, आणि तिथे साधा पीईटी आकसतो. २५० मिमीच्या लांबीवर अर्धा टक्का आकसला तर टोकाचा ठिपका सव्वा मिमी सरकला. त्यासाठी कोरी शीट छपाईआधी त्याच तापमानाला अर्धा तास ठेवायची, थंड करायची आणि मगच छापायची. लेझर प्रिंटरसाठीची ओएचपी शीट उष्णता सोसणारी असते, इंकजेटवाली घेऊ नका. तिच्यावरचा थर शाई पितो. घरच्या ओटीजीचा काटा दहा-पंधरा अंश इकडेतिकडे दाखवतो, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. आणि त्या ओटीजीत परत खारी-नानकटाई नको.

झेड८० (धुळे)

फ्लेक्स मागवताना द्यायची मापं:

पॉलिइमाइड, दोन बाजूंचा, एकूण जाडी ०.११ ते ०.१३ मिमी. तांबं १२ किंवा १८ मायक्रॉन. ठिपक्यांवर आणि शेपटीवर सोन्याचा मुलामा. टिनचा नको, दाबून दाबून तो काळा पडतो आणि कळ अडखळते. ठिपक्यांवरचं आवरण उघडं ठेवा. वरच्या थरात मोकळी जागा तांब्याने भरू नका. सॉफ्टवेअर आपणहून भरतं, ते बंद करा. भरलेला थर पत्र्यासारखा ताठ होतो आणि कळ जोरात ठोकावी लागते. डेटाच्या पाचच तारा असल्यामुळे वरचा थर बहुतेक जागी एका बाजूत मावतो, खालच्याला दोन बाजू लागतात. वाय ठिपक्यात किंवा प्लंजरखाली येऊ देऊ नका. हो, वाय म्हणजे व्हाया, ऑटोकरेक्टची कृपा.

शेपटीच्या वळणावर रेघा वळणाला काटकोनात न्या, कोपरे गोल ठेवा, व्हाया अजिबात नको. टोकाला मागून स्टिफनर (ताठ करणारी पट्टी) लावतात, पण किती जाडीचा ते माझ्याकडून घेऊ नका. जुन्या शेपटीचं टोक मायक्रोमीटरने मोजा आणि फ्लेक्स, गोंद, स्टिफनर मिळून तेवढंच भरू द्या. जाड टोक घातलं की सॉकेटच्या पत्त्या पसरतात आणि मग नवा पडदाही सैल बसतो. शिवाय संपर्काची बाजू कोणती ते दोन्ही शेपट्यांवर वेगवेगळं तपासा. उलटी बाजू आली की पूर्ण घाऊक माल वाया.

रेडियमवाला (जळगाव)

अंतरपट्ट्याचं मी सांगतो. गाड्यांच्या नंबरप्लेटचं रेडियम कापणारा प्लॉटर ०.१ मिमीची पीईटी शीट सहज कापतो, पण सुरी ६० अंशांची लावा आणि एकाच फेरीत आरपार जाऊ नका. हलक्या दाबाच्या दोन फेऱ्या मारा, नाहीतर भोकाची कड उचलली जाते आणि कळ दाबल्यावर तिथेच अडते. शीट चिकटपट्टीच्या मॅटवर सपाट हवी. लेझरने कापू नका, पीईटी वितळून भोकाला जाड ओठ येतो.

भोकाचा व्यास प्लंजरच्या टोकापेक्षा निदान २ मिमी मोठा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भोकं एकमेकांना १ ते १.५ मिमीच्या चिरांनी जोडा आणि शेवटी एक चीर कडेला बाहेर काढा. बंद भोकात हवा कोंडली की कळ दाबताना उशी लागते. आपल्याकडे मे महिन्यात ४४-४५ अंशात हवा फुगते, पडदा टम्म होतो, आणि सकाळी चालणारा कीबोर्ड दुपारी बंद पडतो.

जाडी ०.१ ठेवली तर वरचा थर उन्हाळ्यात ढिला होऊन आपोआप टेकतो, खोट्या कळा येतात. ०.२ बरी, म्हणजे दोन शीट एकावर एक. थर एकमेकांना पूर्ण चिकटवू नका. कडेला चार-सहा जागी दुहेरी टेपचे तुकडे पुरतात, वर धातूची पट्टी येतेच.

बीबीसी_मास्तर (अमळनेर)

थोडं विषयाला सोडून, पण धाग्यात बसतं. १९८४-८५ मध्ये सुरू झालेल्या क्लास या संगणक-साक्षरतेच्या योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो हे संगणक मिळाले होते, पुढे चंडीगडजवळच्या मोहालीतल्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने ते एससीएल युनिकॉर्न नावाने इथेच बनवले. एखाद्या शाळेच्या अडगळीत यंत्र दिसलं तर लगेच वीज देऊ नका. आतल्या पॉवर सप्लायमध्ये मुख्य विजेच्या बाजूला ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे कागदी, पारदर्शक पिवळट आवरणाचे कॅपॅसिटर असतात. आवरण तडकतं, ओल आत शिरते, आणि चालू केल्यावर काही मिनिटांत फटाक्यासारखा आवाज, धूर, वास. यंत्र बहुधा वाचतं, माणूस घाबरतो.

बदलताना एक्स२ दर्जाचेच घ्या, निदान २७५ व्होल्ट एसीचे, शक्यतो ३०५ चे. कृषिपंप बंद झाल्यावर रात्री आपल्याकडे दाब किती चढतो ते सगळ्यांना ठाऊक आहे. पायांमधलं अंतर आधी मोजा. "४०० व्होल्ट" लिहिलेला साधा डीसी कॅपॅसिटर तिथे चालत नाही, तो फुटताना शॉर्ट होतो. अर्थिंगकडे जाणारे छोटे कॅपॅसिटर वाय२ दर्जाचे हवेत, त्यात तडजोड केली तर धातूच्या खोक्यालाच वीज येईल. उघडण्यापूर्वी प्लग काढून दहा मिनिटं थांबा आणि मोठ्या कॅपॅसिटरवर मीटर लावून बघा, तिथे ३०० व्होल्टच्या वर डीसी असतो.

पडदा बनवा, कळ बनवा, मुख्य विजेच्या बाजूचा भाग मात्र बनवायचा नाही. विकत घ्यायचा, आणि नावाजलेल्या वितरकाकडून.

केळीचं_पान (रावेर)

कार्बनचं पटलं. पण स्पेक्ट्रमच्या आतल्या ७८०५ चं, म्हणजे ५ व्होल्टच्या रेग्युलेटरचं काय? तो तर हात लावू देत नाही.

झेड८० (धुळे)

अडॅप्टर नावाला ९ व्होल्टचा, भाराखाली १०-११ पर्यंत देतो. ११ धरले आणि ०.७ अँपिअर घेतले तर ६ × ०.७, सव्वाचार वॅट नुसती उष्णता. खोलीच ४२ अंशावर असेल तर हीटसिंक काय करणार. त्याच तीन पायांच्या मापाचे स्विचिंग मॉड्यूल मिळतात, १ अँपिअरचे, थेट बसतात. चिनी समायोज्य मॉड्यूल लावायचं असेल तर पोटेन्शिओमीटर काढून पक्का रेझिस्टर लावा. पोटेन्शिओमीटर हलला की ५ चे ८ व्होल्ट, आणि यूएलए संपली. अडॅप्टरची पिन मधोमध ऋण आहे, बाजारातले बहुतेक अडॅप्टर मधोमध धन असतात. लावण्याआधी मीटर.

दुसरं, खालची १६के मेमरी, आयसी६ ते आयसी१३, ४११६ जातीची. तिला +१२, +५ आणि -५ असे तीन व्होल्टेज लागतात, -५ गेलं आणि १२ राहिलं की चिपा एकेक करून मरतात. नव्या ४११६ मिळतात त्या पुष्कळदा घासून नाव छापलेल्या. त्याऐवजी ४१६४ बसवा, ती फक्त ५ व्होल्टवर चालते. पायांची अदलाबदल अशी: पाय ८ सॉकेटच्या बाहेर उचलायचा (तिथे १२ व्होल्ट येतो) आणि तारेने पाय ९ ला जोडायचा. पाय ९ वर बोर्डातून ५ व्होल्ट येतोच, ४१६४ साठी तो ए७ आहे, कायम वर बांधला गेला तरी फक्त पाव भाग वापरला जातो, आणि आपल्याला तेवढाच हवा. पाय १ पण उचला, तिथे -५ असतं. बहुतेक ४१६४ मध्ये तो रिकामा, पण काही बनावटींत त्यावर रिफ्रेशचं काम असतं. पाय १६ जमीन, तसाच. आठही चिपांना हेच करायचं, जुनी-नवी खिचडी करू नका.

तापीकाठ (भुसावळ)

प्लसच्या तुटलेल्या कळा ओतून बनवायच्या तर प्रिंट हा मूळ नमुना, मग सिलिकॉनचा साचा, मग त्यात पॉलियुरेथेन. रेझिन प्रिंटरच्या वस्तूवर प्लॅटिनम सिलिकॉन थेट ओतू नका, प्रिंटला लागून राहिलेला भाग कायम चिकट राहतो. प्रिंट धुऊन, अतिनील दिव्याखाली पूर्ण पक्का करून, वर ॲक्रिलिकचा स्प्रे मारा. लॅटेक्सचे हातमोजे आणि गंधक असलेली माती यांनीही हेच होतं. टिनवाल्या सिलिकॉनला ही नखरेबाजी नाही, पण ते थोडं आकसतं, म्हणून कळ मुळात किंचित मोठी काढावी लागते.

आणि वेळ बघून ओता. २५ अंशाला पाच मिनिटं चालणारं पॉलियुरेथेन ४० च्या पुढे दीड-दोन मिनिटांत घट्ट होतं. बाटल्या फ्रीजमध्ये ठेवून तोडगा काढू नका. बाहेर काढल्यावर दव धरतं, ओल मिसळली की रेझिन फेसाळतं आणि कळ स्पंजासारखी निघते. पहाटे पाच-सहाला ओतलं की प्रश्नच नाही.

फिलामेंटने छापणार असाल तर पीएलए नको. ६० अंशाच्या आसपास तो मऊ होतो, पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात प्लंजर वाकतो. पीईटीजी घ्या, पावसाळ्यात आधी ६५ अंशाला चार-सहा तास वाळवून. प्लंजरचं भोक आराखड्यापेक्षा ०.२ मिमी लहान निघतं हे धरून काढा.

रेडियमवाला (जळगाव)

कळा पांढऱ्या-पिवळ्या झाल्यात त्यांना पेरॉक्साइड लावून गच्चीवर…

तापीकाठ (भुसावळ)

त्याचा वेगळा धागा आहे. तिथेच भांडू.

केळीचं_पान (रावेर)

पडदा बसवल्यावर कळ कुठली चुकते ते कसं ओळखायचं? मीटरने ५८ कळा तपासायच्या म्हणजे रात्र जाईल.

झेड८० (धुळे)

मशीनलाच विचारा. बेसिकमध्ये दोन ओळी: १० प्रिंट ॲट ०,०; इन ६५२७८; आणि अवतरणात दोन स्पेस. २० गो टू १०. दाबलेलं काही नसेल तर २५५ किंवा १९१ दिसेल, फरक कॅसेटच्या इअर सॉकेटच्या बिटचा आहे, तो सोडून द्या. या पत्त्यावर ए८ ची ओळ वाचली जाते. कॅप्स शिफ्ट दाबली की १ ने उतरतो, झेडला २ ने, एक्सला ४ ने, सीला ८ ने, व्हीला १६ ने. पुढच्या ओळींचे पत्ते ए९ पासून क्रमाने ६५०२२, ६४५१०, ६३४८६, ६१४३८, ५७३४२, ४९१५०, ३२७६६.

काही न दाबता आकडा कमी दिसला तर त्या ओळीत ठिपका आपोआप टेकतोय, अंतरपट्टा बघा. एक संपूर्ण ओळ मेली तर ८ ची शेपटी, प्रत्येक ओळीत तीच एक कळ मेली तर ५ ची. बाण तपासताना ६५२७८ वर १ ने उतरलं पाहिजे आणि ६३४८६ किंवा ६१४३८ वर त्या त्या अंकाचं. डाव्या बाणाला ६५२७८ वर १७ ने उतरलं तर चिरलेल्या ठिपक्याची फट मिटली आहे.

रेडियमवाला (जळगाव)

फट मिटण्याचं कारण बहुतेकदा थर सरकणं. तिन्ही थरांत चार कोपऱ्यांना ३ मिमीची भोकं एकाच फाइलमधून काढा आणि जोडताना त्यांत ३ मिमीच्या पिना उभ्या ठेवा. पट्टी लावून झाल्यावर पिना काढायच्या.

तापीकाठ (भुसावळ)

कोपऱ्यात भोकांना जागा नाही, डाव्या वरच्या कोपऱ्याजवळ शेपटी सुरू होते. तीन भोकं पुरतील का?

रेडियमवाला (जळगाव)

दोनही पुरतात. एक गोल, दुसरं लांबुळकं, तिरप्या टोकांना. लांबुळकं ३ बाय ४ मिमीचं, लांबीच्या दिशेने, म्हणजे शीट आकसली तरी मधे फुगवटा येत नाही.